खाडीतल्या मऊ गाळात शिअर वेव्हचा वेग कसा मोजावा

ठाणे खाडी असो, उरणकडची किनारपट्टी असो की कोकणातलं एखादं बंदर, तिथल्या मरीन क्लेच्या (समुद्री चिकणमातीच्या) रिपोर्टमध्ये पी-वेव्हचा (कण पुढे-मागे दाबत जाणाऱ्या लहरीचा) वेग १५०० मी/से च्या आसपास लिहिलेला दिसतो. आकडा बरोबर असतो, पण त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पाण्याने पूर्ण भरलेल्या मऊ गाळात पी-वेव्ह पाण्याच्या जोरावर पळते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोमट समुद्राच्या पाण्यात तिचा वेग साधारण १५४० मी/से असतो आणि मऊ चिखलात त्याहून एक-दोन टक्के कमीच. म्हणजे ताजा चिखल आणि त्याच्यावरचं पाणी यांत पी-वेव्हला फारसा फरक कळत नाही.

शिअर वेव्हचं, म्हणजे कण आडवे हलवत जाणाऱ्या लहरीचं, तसं नाही. पाण्याला आकार बदलण्याला विरोध करता येत नाही, त्यामुळे पाण्यातून ती जातच नाही. गाळात ती जाते ती फक्त कणाकणांच्या सांगाड्यातून. अगदी वरच्या ताज्या थरात तिचा वेग सेकंदाला २०-३० मीटर असू शकतो, दहा-पंधरा मीटर खाली तो शंभराच्या अलीकडे-पलीकडे पोचतो. हा वेग आणि घनता हातात आली की गाळाचा ताठरपणा थेट मिळतो: जी-मॅक्स (अगदी सूक्ष्म विकृतीला असणारा शिअर ताठरपणा) म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. त्या वर्गातच सगळी जोखीम आहे. वेगात १० टक्के चूक म्हणजे ताठरपणात २१ टक्के.

हा आकडा कुठे लागतो? भूकंपात गाळाचा थर किती सेकंदांच्या आवर्तनाने डोलेल ते काढायला, समुद्रातल्या पवनचक्कीच्या मोनोपाइलची (तळात ठोकलेल्या एकाच जाड नळीच्या खांबाची) नैसर्गिक वारंवारता ठरवायला, जॅक-अप रिगचा (तळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या रिगचा) पाय तळाशी किती घट्ट धरला जाईल ते पाहायला आणि आणलेला नमुना खराब झाला आहे का ते ओळखायला. पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक कारण आहे. इथल्या आतल्या शेल्फवरच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरच्या) चिखलात बऱ्याच ठिकाणी मिथेन अडकलेला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशा वायूयुक्त थरांच्या नोंदी केल्या आहेत. एखादा टक्का बुडबुडे असले तरी पी-वेव्हचा वेग कोसळतो आणि सब-बॉटम प्रोफाइलरच्या (ध्वनीने तळाखालचे थर दाखवणाऱ्या यंत्राच्या) चित्रात त्याखालचं सगळं पुसलं जातं. शिअर वेव्हला मात्र बुडबुड्यांनी फारसा फरक पडत नाही, कारण वायूमुळे घसरतो तो दाबाला होणारा विरोध. सांगाडा तोच राहतो.

नमुना: निम्मं काम इथेच बिघडतं

पातळ भिंतीची पिस्टन ट्यूब वापरा, व्यास ७५ मिमीपेक्षा कमी नको. ट्यूब वर आल्यावर दोन्ही टोकांचा सैल गाळ काढून टाका आणि मेण व पेट्रोलियम जेलीच्या मिश्रणाने टोकं बंद करा. नुसतं मेण आक्रसतं, कडेने भेग पडते आणि दोन दिवसांत कडेचा गाळ वाळतो. ट्यूब उभ्याच ठेवा, उभ्याच न्या, खाली किमान १० सेंमी फोम द्या. मुंबई-गोवा महामार्गावरून टेम्पोत आडव्या टाकून आणलेल्या ट्यूबमध्ये काय शिल्लक राहतं हे सांगायची गरज नसावी.

लॅबमध्ये सगळा नमुना एका झटक्यात जॅकने बाहेर ढकलू नका. भिंतीच्या घर्षणाने मऊ गाळाच्या कडा मागे ओढल्या जातात आणि मधला भाग दाबला जातो. आधी ट्यूबच १५-२० सेंमीच्या तुकड्यांत कापा, मग गाळ आणि भिंत यांच्यामधून बारीक तार फिरवून नमुना सोडवा.

पाणी खारंच हवं. दख्खनच्या बेसाल्टपासून आलेल्या गाळात स्मेक्टाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर असतं आणि गोडं पाणी लागलं की ते फुगतं. पोअर लाइन (गाळातल्या पाण्याला जोडलेली नळी) आणि पोरस स्टोनमध्ये (नमुन्याच्या टोकांच्या सच्छिद्र चकत्यांमध्ये) त्या जागेच्या पाण्याइतक्याच खारटपणाचं, हवा काढलेलं पाणी भरा. खुल्या समुद्रासाठी लिटरला ३५ ग्रॅम मीठ चालतं. खाडीच्या आतल्या भागासाठी, विशेषतः पावसाळ्यानंतर, नमुन्यातलं पाणी पिळून त्याचा खारटपणा आधी मोजा.

बेंडर एलिमेंट: बसवण्याआधीच्या तपासण्या

बेंडर म्हणजे पिझो सिरॅमिकच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून केलेली छोटी पाती. व्होल्टेज दिलं की ती वाकते, वाकवली की व्होल्टेज देते. गाळात शिअर वेव्ह मोजायला ती वापरण्याची सुरुवात १९७८ च्या सुमाराला टेक्सास विद्यापीठात शर्ली आणि हॅम्प्टन यांनी केली. आता त्यासाठी एएसटीएम डी ८२९५ हे मानकही आहे. नमुन्याच्या खाली एक, वर एक. पाती साधारण १०-१२ मिमी रुंद, अर्धा-पाऊण मिमी जाड, आणि टोक गाळात ४-५ मिमी शिरेल इतकी बाहेर.

प्रक्षेपक म्हणून (लहर पाठवायला) पट्ट्यांच्या समांतर जोडणीची पाती घ्या, ग्राहक म्हणून (ती टिपायला) सिरीज जोडणीची चालते. पण खाऱ्या गाळात एक अडचण येते. गाळ स्वतःच विजेचा चांगला वाहक असतो, म्हणून प्रक्षेपकाचा विद्युत सिग्नल थेट ग्राहकात उतरतो आणि स्क्रीनवर शून्य वेळेलाच एक उंच टोक दिसतं. ग्राहकही समांतर जोडणीचा घेतला, दोन्ही पात्यांच्या बाहेरच्या बाजू ग्राउंड केल्या आणि इपॉक्सीच्या थरावर वाहक रंगाचं कवच देऊन तेही ग्राउंडला जोडलं, की हे टोक बहुतेक नाहीसं होतं. सिग्नल थोडा लहान मिळतो, पण स्वच्छ मिळतो. मऊ मरीन क्लेसाठी आम्ही हीच जोडणी सुचवू.

बसवण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पाती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून सकाळी मल्टिमीटरने रोध मोजा. तो मीटरच्या टोकाला गेला पाहिजे. काही किलोओहम दाखवत असेल तर इपॉक्सीत सूक्ष्म भोक आहे. यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजचा रोधमापक) लावू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या सिरॅमिकवर तेवढं व्होल्टेज उलट दिशेने पडलं की पातीचं ध्रुवण बिघडतं, आणि चांगली पाती तपासणीतच निकामी होते.

पाती नवी असतानाच तिची कपॅसिटन्स लिहून ठेवा. पुढे कधी ती एकदम कमी दिसली तर सिरॅमिकला तडा गेला आहे, मग बाहेरून कितीही ठीक दिसो.

दोन्ही पात्यांची टोकं एकमेकांना टेकवून सिग्नल द्या आणि किती उशिराने येतो ते मोजा. केबल, अॅम्प्लिफायर आणि इपॉक्सी मिळून काही मायक्रोसेकंदांचा हा उशीर असतो. प्रत्येक वाचनातून तो वजा करायचा. पाती कोणत्या बाजूला वाकली की सिग्नल वर जातो तेही याच वेळी लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मऊ गाळात पाती सरळ दाबून बसते. घट्ट गाळात आधी पातळ ब्लेडने खाच करा आणि त्याच गाळाची पेस्ट खाचेत भरा. ग्रीस भरू नका. ग्रीसमधून शिअर वेव्ह नीट जात नाही. दोन्ही पात्या एकाच प्रतलात आल्या पाहिजेत, म्हणून टॉप कॅप आणि पेडेस्टलवर (नमुन्याच्या वरच्या टोपीवर आणि खालच्या बैठकीवर) बाहेरून दिसेल अशी खूण करून ठेवा. मेम्ब्रेन (नमुन्यावरचं रबरी आवरण) चढवताना कॅप फिरते आणि नंतर कोणाच्या लक्षात येत नाही.

दाब आणि वाचन

खऱ्या खोलीवरचा परिणामी दाब (पाण्याचा दाब वजा जाता सांगाड्यावर उरणारा) आधी काढा. मऊ गाळाचं पाण्यातलं वजन साधारण ५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं तर तळापासून २ मीटर खाली उभा परिणामी दाब फक्त १० किलोपास्कल. ट्रायअॅक्सियल सेलमध्ये (नमुन्याला सगळ्या बाजूंनी दाब देणाऱ्या भांड्यात) सवयीने पहिल्याच टप्प्याला ५० किलोपास्कल दिला, तर तुम्ही मोजलात तो त्या खोलीचा गाळच नव्हे. १०, २०, ४०, ८० असे टप्पे घ्या. बॅक प्रेशर (नमुन्यातल्या पाण्याला दिलेला दाब) वाढवत बी-व्हॅल्यू (नमुना पाण्याने किती भरला आहे याचं माप) ०.९५ किंवा जास्त आणा. प्रत्येक टप्प्यात प्राथमिक कन्सॉलिडेशन (दाबाने पाणी निघून गाळ बसणं) संपल्यावरच वाचन घ्या आणि दाब देऊन किती तास झाले तेही लिहा, कारण तोच दाब ठेवला तरी गाळ जसा मुरत जातो तसा वेग हळूहळू वाढतो.

सिग्नलसाठी १० ते २० व्होल्टचा एकच साइन पल्स. घट्ट मातीत ५-१० किलोहर्ट्झ चालतात, पण या गाळात १ ते ४ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही पोचत नाही. सिग्नलची नोंद किमान दर २ मायक्रोसेकंदांना, ६४ ते १२८ पल्सेसची सरासरी, दोन पल्सेसमध्ये ५०-१०० मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे आधीचे पडसाद विरून जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, कन्सॉलिडेशननंतर नमुन्याची उंची १०० मिमी आहे आणि दोन्ही पात्या ४.५ मिमी आत आहेत. लहरीचा प्रवास टोकापासून टोकापर्यंत धरायचा, म्हणजे ९१ मिमी. आगमनाची वेळ १.९६० मिलिसेकंद, त्यातून यंत्रणेचा उशीर ०.००६ वजा, उरले १.९५४. वेग ४६.६ मी/से. घनता १५२० किलो प्रति घनमीटर असेल तर जी-मॅक्स ३.३ मेगापास्कल. हेच कोणी नमुन्याची पूर्ण १०० मिमी उंची धरून काढलं तर वेग ५१.२ येतो आणि जी-मॅक्स जवळजवळ ४ मेगापास्कल. पात्यांची ९ मिमी विसरली आणि ताठरपणा एकवीस टक्क्यांनी फुगला.

आता आगमन कुठे धरायचं? इथेच नवशिके फसतात. याच नमुन्यात पी-वेव्ह ०.०६ मिलिसेकंदालाच पोचते, कारण ती १५०० च्या वेगाने येते. तेव्हा अगदी सुरुवातीची बारीक थरथर शिअर वेव्ह नाही. त्यानंतर, खऱ्या आगमनाच्या जरा आधी, उलट दिशेचा एक उथळ खळगा दिसतो. तो निअर-फील्डचा परिणाम: पातीच्या अगदी जवळ वेगवेगळ्या लहरी अजून सुट्या झालेल्या नसतात, आणि त्यातला एक भाग पी-वेव्हच्या वेगाने पुढे येतो. तो खळगा आगमन म्हणून धरला तर वेग फुगतो. खळगा पार झाला, सिग्नल ठरलेल्या दिशेने उठू लागला, तिथे आगमन धरा. टोकं टेकवताना लिहिलेली दिशा इथे कामाला येते.

खळगा लहान करायचा उपाय म्हणजे नमुन्यात किमान दोन तरंगलांब्या बसवणं. वरच्या उदाहरणात १ किलोहर्ट्झला तरंगलांबी ४६.६ मिमी, म्हणजे ९१ मिमीत जेमतेम दोन. २ किलोहर्ट्झला चार होतात आणि आगमन स्पष्ट दिसतं. म्हणून एकाच वारंवारतेवर थांबू नका. १, १.५, २, ३ किलोहर्ट्झवर वाचनं घ्या. दोनापेक्षा जास्त लांब्या बसणाऱ्या वाचनांमधले वेग ५ टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. वारंवारता वाढवत नेली की वेगही सारखा वाढत जात असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही निरनिराळ्या शिखरांवर बोट ठेवता आहात. क्रॉस-कोरिलेशन करणारं (दोन सिग्नल सरकवून जुळवणारं) सॉफ्टवेअर ताळा म्हणून ठीक, पण बेंडरच्या सिग्नलमध्ये कडांवरून परतलेल्या लहरी मिसळलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर सर्रास एक आवर्तन पुढचं शिखर उचलतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा आकडा रिपोर्टात टाकू नये.

सगळे टप्पे झाल्यावर वेग आणि परिणामी दाब लॉग-लॉग कागदावर मांडा. सरळ रेषा आली पाहिजे, उतार ०.२५ च्या आसपास, मऊ मातीत जरा जास्त. एखादा बिंदू रेषेबाहेर पडला तर आधी त्या टप्प्याचं कन्सॉलिडेशन पूर्ण झालं होतं का ते तपासा. पहिला एखाद-दुसरा टप्पा रेषेच्या वर असेल तर गाळाने पूर्वी जास्त दाब सोसलेला असू शकतो, ती चूक नव्हे.

जागेवर: सिस्मिक कोन

लॅबचा आकडा कितीही देखणा असला तरी त्याला जागेवरच्या मोजणीची जोड हवी. सिस्मिक कोनमध्ये कोन पेनेट्रोमीटरच्या (गाळात ढकलायच्या टोकदार दांड्याच्या) मागे जिओफोनचे (कंपन टिपणाऱ्या सेन्सरचे) दोन संच बसवलेले असतात, एकमेकांपासून ०.५ किंवा १ मीटरवर. कोन नेहमीप्रमाणे सेकंदाला २ सेंमी वेगाने ढकला, दर मीटरला (वरच्या ५ मीटरांत दर अर्ध्या मीटरला) थांबा, इंजिन आणि पंप बंद करा, रॉडवरची पकड सोडा. पकड सुटली नाही तर रॉडमधून पळालेली लहर गाळातल्या लहरीच्या कितीतरी आधी येते आणि सगळं झाकून टाकते.

लहर निर्माण करणारा हातोड्याचा आघात समुद्रतळावरच व्हायला हवा. बार्जच्या डेकवर कितीही जोरात मारा, मधल्या पाण्यातून शिअर वेव्ह खाली उतरणारच नाही. खोल पाण्यात तळावर ठेवलेल्या फ्रेममध्येच आडवा मारणारा हायड्रॉलिक हातोडा लागतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर लाकडी तुळई चालते, पण ती ताज्या दह्यासारख्या वरच्या थरात रुतते आणि आघात वाया जातो; तुळईखाली रुंद फळी आणि वर पुरेसं वजन हवं. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी आघात घ्या. दोन्ही रेकॉर्ड एकावर एक ठेवले की शिअर वेव्ह उलटसुलट दिसते, पी-वेव्ह आणि गोंगाट तसाच राहतो. जिथे दोन रेषा फाकतात ते आगमन.

वेळ साधताना भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवा. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या खाड्यांत पाण्याला जबरदस्त ओढ असते. फ्रेम थरथरते आणि कमी वारंवारतेचा गोंगाट थेट तुमच्या सिग्नलवर बसतो. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) काम धरा. तेही जमत नसेल तर पाणी थांबतं तेवढ्या अवधीत वरच्या मऊ थरांची वाचनं उरका, खालच्या थरांना गोंगाट कमी बाधतो.

तिरकं अंतर विसरू नका. आघाताची जागा रॉडपासून १ मीटर बाजूला असेल तर ५ आणि ६ मीटर खोलीवरची तिरकी अंतरं ५.०९९ आणि ६.०८३, फरक ०.९८४ मीटर. दोन जिओफोनमधला वेळेचा फरक १७ मिलिसेकंद असेल तर वेग ५७.९ मी/से. या खोलीला दुरुस्ती केली नाही तरी फारसं बिघडत नाही. पण १ आणि २ मीटरच्या दरम्यान तिरक्या अंतरांचा फरक ०.८२ मीटरच असतो. तिथे सरळ १ मीटर धरलं तर वेग २२ टक्क्यांनी जास्त येतो, आणि नेमक्या त्याच थरात सगळ्यात मऊ गाळ असतो.

एकच जिओफोन असलेला कोन स्वस्त पडतो, मात्र तिथे दोन खोल्यांवरचे दोन वेगळे आघात एकमेकांशी जुळवावे लागतात. ट्रिगरमध्ये १ मिलिसेकंदाचा फरक पडला तर वरच्या उदाहरणात वेग ६ टक्क्यांनी हलतो. शक्य तिथे दोन संचांचाच कोन मागा. फिल्टर लावायचा तर दोन्ही संचांना तोच, फेज न सरकवणारा, २०० हर्ट्झच्या खालचं ठेवणारा.

कोन किंवा बोअरहोल शक्यच नसेल तर तळावर हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) किंवा जिओफोनची केबल टाकून शोल्टे वेव्ह मोजता येते. पाणी आणि गाळ यांच्या सीमेवरून धावणारी ही लहर शिअर वेव्हच्या वेगाच्या साधारण ०.९ पट वेगाने जाते. वेग ६० आणि वारंवारता १० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी ६ मीटर, तेव्हा सेन्सरमधलं अंतर ३ मीटरच्या आत ठेवा. मिळणारी खोली सर्वांत लांब तरंगलांबीच्या निम्म्याइतकी समजा. पातळ थर यात नीट उलगडत नाहीत.

तयार सूत्रांचा वापर

एडविन हॅमिल्टन यांनी १९७० च्या दशकात समुद्रतळाच्या गाळासाठी दिलेलं समीकरण अजून सर्रास वापरलं जातं: पहिल्या ३६ मीटरांपर्यंत वेग बरोबर ११६ अधिक ४.६५ गुणिले खोली. पृष्ठभागावर ते ११६ मी/से देतं. ज्या गाळात प्रत्यक्ष वेग ४० आहे तिथे हे वापरलं तर जी-मॅक्स आठपट फुगतो. खोल थरांची ढोबळ कल्पना यायला ते बरं, पण खाडीच्या वरच्या पाच मीटरांना लावू नका. कोनच्या रोधावरून (टोक ढकलताना गाळ करतो त्या विरोधावरून) मेन आणि रिक्स यांचं सूत्र (वेग = १.७५ गुणिले रोधाचा ०.६२७ वा घात, रोध किलोपास्कलमध्ये) चिकणमातीसाठी निदान ताळा पाहायला उपयोगी आहे, २०० किलोपास्कल रोधाला ते साधारण ४८ मी/से देतं. मोजलेला आकडा याच्या दुप्पट किंवा निम्मा आला तर आधी आगमन पुन्हा तपासा.

आकडा वापरताना

थरांची सरासरी काढताना वेगांची बेरीज करून भागू नका, प्रवासाच्या वेळांची बेरीज करा. ५ मीटर ४० चा, ५ मीटर ६० चा, ५ मीटर ९० चा असा १५ मीटर गाळ खडकावर असेल तर लागणारी वेळ ०.२६४ सेकंद आणि सरासरी वेग ५७ मी/से. साध्या सरासरीने ६३ येतो. थराचं नैसर्गिक आवर्तन त्या वेळेच्या चौपट, म्हणजे १.०६ सेकंद. शेकडो किलोमीटर दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लहरी याच पट्ट्यात येतात. २००१ च्या भूज भूकंपाचे हादरे मुंबईतही जाणवले होते. अशा गाळातल्या पाइल्सचा हिशेब करताना हे आवर्तन आणि वरच्या बांधकामाचं आवर्तन शेजारी शेजारी लिहून पाहा.

बेंडर आणि सिस्मिक कोन दोन्ही अगदी सूक्ष्म विकृतीचा ताठरपणा देतात. लाटा आणि भूकंपाखाली गाळ त्याहून कितीतरी जास्त ताणला जातो आणि ताठरपणा उतरतो, म्हणून जी-मॅक्स थेट डिझाइनमध्ये घालू नका. त्या गाळाच्या प्लास्टिसिटी इंडेक्सप्रमाणे (किती ओलाव्यापर्यंत तो मळता येतो त्या मापाप्रमाणे) ऱ्हासाचा आलेख, म्हणजे विकृती वाढते तसा ताठरपणा किती उतरतो ते दाखवणारा आलेख, लावा. मोनोपाइलमध्ये 'कमी धरला म्हणजे सुरक्षित' हेही चालत नाही. टर्बाइनची नैसर्गिक वारंवारता रोटरच्या एका फेरीची वारंवारता आणि तीन पात्यांची वारंवारता यांच्या मधल्या फटीत बसवायची असते. ताठरपणा कमी धरला काय किंवा जास्त धरला काय, खरी वारंवारता फटीबाहेर जाऊ शकते. खंबातच्या आखातातले पवन प्रकल्प उभे राहतील तेव्हा हा हिशेब करावाच लागेल.

लॅब आणि जागेवरचे वेग एकाच खोलीला, एकाच परिणामी दाबाला शेजारी मांडा. लॅबचा वेग जागेवरच्यापेक्षा बराच कमी असेल तर नमुन्याचा सांगाडा मोडलेला आहे. मग त्याच ट्यूबमधल्या शिअर स्ट्रेंग्थ आणि कन्सॉलिडेशनच्या चाचण्यांकडेही संशयाने पाहा. लॅबचा वेग जास्त आला तर दाब चुकला आहे, नमुना वाळला आहे किंवा निअर-फील्डचा खळगा आगमन म्हणून धरला गेला आहे. रिपोर्टमध्ये वेगाच्या प्रत्येक आकड्यासोबत वारंवारता, टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, वजा केलेला उशीर, परिणामी दाब, कन्सॉलिडेशनचे तास आणि आगमन कुठे धरलं ते लिहा, आणि सिग्नलचं कच्चं चित्र परिशिष्टात जोडा.